खंडेनवमीला मेलेला राउटर

आमच्या घरातला राउटर सात वर्षांचा झाला होता आणि तो बदलायचा की नाही, या एका प्रश्नावर मी दोन आठवडे घरात हुकूमशाही केली. बायको म्हणत होती, नवा आणा. वडील म्हणत होते, ती म्हणतीया तर आण की. आणि मी रोज संध्याकाळी लॅपटॉप मांडीवर घेऊन दोघांना शिकवत होतो की खोकं ठणठणीत आहे, फक्त डोकं जुनं झालंय, आणि ते डोकं मी स्वतः बदलणार आहे.

राउटरच्या आत कंपनीनं घातलेली एक प्रणाली असते. ती काढून लोकांनी लिहिलेली, फुकट मिळणारी दुसरी घालता येते. तिला कस्टम फर्मवेअर म्हणतात. नीट बसली तर म्हातारा राउटर पुन्हा पळायला लागतो, असं मी इंटरनेटवर वाचलं होतं. पैशाचा प्रश्न नव्हता, हे इथंच सांगून टाकतो. मला मिरवायचं होतं. कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीत आमच्या गल्लीत कुणाचं वायफाय अडलं की मला हाक यायची, आणि तेवढ्या अर्ध्या हळकुंडानं मी पिवळा झालो होतो.

बायकोला मात्र राउटर कशासाठी हवा होता, ते ऐका. सहा वर्षांपूर्वी माझ्या आईचं अर्धं अंग गेलं, तेव्हा हिनं कोल्हापुरातली चांगली नोकरी सोडली. आईला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं हिनं केलं. मी संध्याकाळी ऑफिसातून येऊन ‘आज कशी आहे?’ एवढं विचारायचो. आई गेली आणि मग हिला कुणी नोकरीला उभं करेना. शेवटी पुण्याच्या एका कंपनीत घरी बसून करायच्या कामासाठी दोन मुलाखती पार पडल्या. तिसरी, शेवटची, व्हिडिओवर होती. खंडेनवमीच्या दिवशी, सकाळी साडेअकराला. पुण्याच्या कंपनीला कसली आलीय खंडेनवमी.

आदल्या दिवशी हिनं बहिणीला व्हिडिओ कॉल लावून तालीम केली. तीनदा लाइन तुटली. मोबाइलची रेंज आमच्या घरात येत नाही, गच्चीवर गेलं तर येते, तीही वाऱ्यासारखी.

‘‘अहो, सकाळी जाऊन नवा आणा की,’’ ती म्हणाली. ‘‘हात जोडते तुमच्यापुढं.’’

‘‘राजारामपुरीतलं दुकान दहाला उघडतंय,’’ मी म्हणालो. ‘‘माझं काम साडेनऊला संपतंय. तू फक्त साडी कुठली नेसायची ते बघ.’’ हे मी हसत बोललो होतो.

वडिलांनी उद्यमनगरातल्या कारखान्यात तीस वर्षं लेथ चालवला. खंडेनवमी हा त्यांचा खरा सण. त्या दिवशी सकाळी अंघोळ करून ते पाट मांडतात आणि घरातलं एकूण एक हत्यार त्यावर ठेवतात. त्यांचा माप घ्यायचा व्हर्नियर, पान्हे, स्वयंपाकघरातली विळी, मिक्सर. मोटरसायकल दारात पुसून ठेवतात. नियम एकच, आणि तो त्यांनी कधी मोडला नाही. चालत्या यंत्राला कुंकू लावायचं नाही. आधी यंत्र थांबवायचं, मग त्याच्यापुढं हात जोडायचे. राउटरही दरवर्षी पाटावर असायचा. या वर्षी मात्र त्यांनी आपणहून सांगितलं होतं, सूनबाईचं काम झाल्यावर त्याला हळदकुंकू लावू.

मी नऊला बसलो. वडील मागं येऊन उभे राहिले.

‘‘माप बघितलंस न्हवं?’’ त्यांनी विचारलं. लेथवर माणूस आधी माप घेतो, मग लोखंडाला हात लावतो. तेवढंच त्यांना माहीत होतं आणि तेवढंच पुरेसं होतं.

‘‘आबा, ह्यो तुमचा लेथ न्हवं,’’ मी म्हणालो. ‘‘हितं डोकं लागतंय.’’

ते हसले आणि फुलं आणायला मागच्या दारी गेले. चिडले असते तर बरं झालं असतं, असं मला आता वाटतं.

फाइल निम्मी चढली आणि अडकली. मी पाच मिनिटं पडद्याकडं बघत बसलो. मग राउटरचे सगळे दिवे विझले. मी तो उचलून उलटा केला. तळाच्या स्टिकरवर मॉडेलच्या पुढं तीनचा आकडा होता. मी उतरवलेली फाइल दोनच्या राउटरची होती. बाहेरून दोन्ही खोकी सारखी दिसतात, आतली चिप वेगळी असते. स्टिकर वाचायला दोन सेकंद लागतात. दोन आठवड्यांत मी तो एकदाही वाचला नव्हता.

रिसेटच्या भोकात घालायला टाचणी हवी म्हणून मी आतल्या खोलीत गेलो. टाचणी सापडायला वेळ लागला. परत आलो तर राउटरची पिन सॉकेटमधून काढलेली होती, राउटर पाटावर पान्ह्यांच्या शेजारी होता आणि वडील त्याच्यावर कुंकवाचं बोट टेकवत होते.

त्या क्षणी मला काय वाटलं ते मी लपवणार नाही. मला सुटका वाटली.

‘‘आबा! चालू काम बंद केलंत?’’ मी एवढ्यानं ओरडलो की बायको केस विंचरता विंचरता धावत आली. ‘‘मशीनच्या डोक्यात काम चाललं होतं! मेलं की हो ते! तुमच्या हळदकुंकवानं हिची नोकरी घालवली!’’

वडिलांचं बोट तसंच वर राहिलं. ‘‘लाइटी गेलत्या की रं,’’ ते म्हणाले. ‘‘मला वाटलं, तुझं झालं, तूच बंद केलास. म्हटलं, बोट लावतो आन् देतो लगीच जोडून.’’

खरं तेच सांगत होते. दिवे गेले होते, हे घरात दोघांनाच ठाऊक होतं, त्यांना आणि मला.

‘‘तुम्हाला लाइटीतलं काय कळतंय?’’ मी म्हणालो. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

बायको त्यांच्याकडं वळली. ती त्यांना मामा म्हणते, आणि इतक्या वर्षांत त्यांच्याशी वर मान करून बोललेली मी ऐकली नव्हती. ‘‘मामा,’’ ती म्हणाली, ‘‘सासूबाईंचं सगळं केलं मी. कधी काही मागितलं नाही. एवढं एकच माझं होतं.’’

दुकान गाठून, परत येऊन, नवा जोडायला अजून वेळ होता. पण गाडीला हार घातलेला, आणि मी इतका ओरडलो होतो की आता निमूटपणे दुकानात जाणं म्हणजे कबुली दिल्यासारखं झालं असतं. मी गेलो नाही. गल्लीत कुणाच्या वायफायवर बसावं, तर घरोघरी पूजेची गडबड होती. ती साडेअकराला मोबाइल घेऊन गच्चीवर गेली. समोरच्या मंडळाचे स्पीकर चालू होते. दहा मिनिटांत खाली आली. मुलाखत घेणाऱ्या बाईंचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज येत नव्हता, एवढंच तिनं सांगितलं. पुण्याहून पुन्हा फोन आला नाही.

नवा राउटर मी दसऱ्याला आणला. वडिलांना ताट वेळेवर मिळत राहिलं, पण ‘मामा, जेवायला चला’ ही हाक बंद झाली. ताट समोर यायचं आणि ती वळायची. वडील पंख्याच्या बटणापाशी जाऊन थांबायचे. ‘‘लावू का?’’ असं विचारायचे. मी ‘लावा’ म्हणायचो.

पंधरा दिवसांनी ते जुना राउटर पिशवीत घालून उद्यमनगरात गेले. त्यांच्या एका जुन्या सोबत्याचा जावई असल्या वस्तू दुरुस्त करतो. दुपारी परतले, ती स्वयंपाकघरात होती. त्यांनी राउटर माझ्यासमोर ठेवला आणि पिन लावली. दिवे लागले.

‘‘दुसऱ्याच मापाची फाइल घातलीती म्हणं,’’ ते हळू आवाजात म्हणाले. ‘‘मी हात लावायच्या आदीच गेलता त्यो.’’

इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

‘‘सूनबाईला सांगू नगोस,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्यावरचा राग मी हाय तवर चालंल. तुझ्यावर धरला तर तुमचं अख्खं आयुष्य जायाचं हाय.’’

वडिलांचं मी आयुष्यात फार कमी ऐकलं. हे मात्र लगेच ऐकलं, आणि अजून ऐकतोय.