युसूफभाईंची हाक

बकेट तिसऱ्या मजल्याच्या कडेला अडकलं होतं आणि युसूफभाईंच्या तोंडातून शब्द निघत नव्हता. खाली विंचवर बसलेला दगडू मात्र खदखदून हसत होता.

तो का हसत होता, हे कळायला आधी आमचं काम कळायला हवं. राजूर रस्त्याला एका बियाणे कंपनीच्या ऑफिसची इमारत आम्ही बांधत होतो. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी साइट इंजिनियर. काँक्रीट वर न्यायला लोखंडी बकेट, बकेटला दोर आणि दोर ओढायला विंच, म्हणजे दोर गुंडाळणारं इंजिन. विंच इमारतीच्या मागच्या अंगाला होतं. तिथून वरचं काही दिसत नसे. विंचवाला चालायचा फक्त कानावर.

वर कडेला उभा राहून एक माणूस हाक देतो. ‘हाबेस’ म्हणजे वर ओढ. ‘आरिया’ म्हणजे खाली सोड. हे खलाशांचे शब्द. जालन्यापासून समुद्र कुठल्या कुठे, पण वजन उचलणाऱ्या माणसांबरोबर हे शब्द आमच्याकडे येऊन पोचले होते.

आमच्याकडे हाकेवर होते युसूफभाई. मस्तगडात राहायचे. लहानपणापासून तोतरे. चहा मागायला लागले की ‘च’ संपेपर्यंत चहा निवायचा. पण हाक द्यायला उभे राहिले की हा माणूस बदलायचा. ‘हाऽऽबेस’ असा लांब, गोल सूर लावायचे. त्यात कधी एक गाठ पडली नाही. हाक ते बोलत नव्हते, गात होते.

अशात आमच्या मुख्यालयाला मूल्यांची आठवण झाली. मोठं पोस्टर आलं. पहिलं मूल्य ‘आदर’, दुसरं ‘सुरक्षा’, पुढची आता आठवत नाहीत. आमचे मॅनेजर साने साहेब पुण्याचे. ते म्हणाले, “जाधव, हे पोस्टर वाचायला लावलं तर लोक त्याच्या सावलीत झोपतील. तुम्ही नाटक बसवा. नकला करता ना?”

करतो का? अहो, मी मिक्सरचीसुद्धा नक्कल करायचो. खडी टाकलेल्या मिक्सरची वेगळी, रिकाम्या मिक्सरची वेगळी. नाटकात मी साने साहेब झालो, सिमेंटच्या ट्रकचा ड्रायव्हर झालो, वजन उतरवताना कण्हणारा ट्रकही झालो. मांडव डोक्यावर घेतला लोकांनी. शेवटी डोक्याला गमछा गुंडाळला, टेबलावर चढलो आणि हाक दिली, “हा-हा-हा-हाबेस!”

माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. हाकेत युसूफभाई अडखळत नाहीत, हे मला माहीत होतं. पण विनोदाला तेच हवं होतं. नाटकाचा विषय होता आदर.

युसूफभाई पहिल्या रांगेत होते. तोंडावर हात धरून हसत होते. मी ती दाद समजलो.

मग साइटवर ती हाक म्हणजे तोंडी लावणंच झालं. कोणी घमेलं उचललं तरी ‘हा-हा-हा’. स्लॅबवर गेलो की मीसुद्धा कडेला उभा राहून एक ठेवून द्यायचो. खालून दगडू ओरडायचा, “जी-जी-जी साहेब!” हळूहळू युसूफभाईंचा सूर आखूड होत गेला. एका सकाळी ते ‘हा’वरच अडकले. मी ऐकलं. मला वाटलं, तेही आता गमतीत सामील झाले.

आणि स्लॅबच्या दिवशी बकेटचा काठ पराचीच्या फळीखाली अडकला. पराची म्हणजे उभं राहायला बांधलेला माळा. एक ‘आरिया’ पुरे होती. मी खाली, इमारतीच्या कोपऱ्यावर होतो. युसूफभाई दोन्ही हात हलवत होते आणि वरून येत होतं नुसतं, “आ... आ... आ...”

मागून दगडूचा आवाज आला, “बराबर जमलं साहेब, अजून एकदा!”

“बंद कर,” असं ओरडत मी धावलो. तोवर फळी मोडली होती. खाली कासाबाई वाळू भरत होत्या. फळी त्यांच्या खांद्यावर पडली. काँक्रीट बाजूला सांडलं म्हणून जीव वाचला. हाड सांधलं, पण तो हात पुन्हा डोक्यावर घमेलं चढवू शकला नाही.

साइट ऑफिसात साने साहेबांनी दगडूला विचारलं, “हाक आली नाही तर ओढत का राहिलास?”

“हाक आल्ती ना साहेब, ‘हा-हा’ अशी. मला वाटलं जाधवसाहेबच वर गेलेत. ते तसंच करतात की. मंग मी ओढून राह्यलो.”

साने साहेबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. “तोतऱ्या माणसाला हाकेवर ठेवलं कोणी?”

“हाकेत ते अडखळत नव्हते साहेब,” मी म्हणालो. “नाटकानंतर सुरू झालं ते.”

“नाटकावर मुख्यालय खूश आहे, जाधव. आणि त्या दिवशी सगळ्यात जास्त मी हसलो होतो. तो विषय मधे आणू नका.”

मी आणला नाही. शंभर आवाज काढणारा माणूस, त्या खोलीत माझा एक निघाला नाही. युसूफभाईंना कामावरून कमी केलं. कारण दिलं ‘सुरक्षा’. पोस्टरवरचं दुसरं मूल्य.

नंतर मी मस्तगडात त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खुर्ची पुसून दिली. मी माफी मागायला लागलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

“त-त-तवा मी बी हसलो की साहेब.”

“का हसलात?”

“सगळेच हसून राह्यले होते. मी एकटा न्हाई हसलो तर ब-ब-बरं दिसलं असतं का?”

मी म्हणालो, “दुसऱ्या साइटवर शब्द टाकतो. हाकेचंच काम बघतो.”

त्यांनी मान हलवली. “हाक न्हाई राह्यली. मागं मोकळ्या जागेत जाऊन करून बघितली. आता तु-तु-तुमच्यासारखी निघते.”

मी चहा संपवला आणि उठलो.

आमच्या साइटवर पुढे विंच वरचं दिसेल असं समोर हलवलं आणि हाकेऐवजी लाल-हिरवे झेंडे आले. झेंड्याला तोंड नसतं, ते बरं. युसूफभाईंची ती जुनी, लांब, गोल हाक मला अजूनही हुबेहूब काढता येते. त्यांना येत नाही. म्हणून मीही काढत नाही.

नवा इंजिनियर आला की त्याला एवढंच सांगतो. साइटवर हाक म्हणजे दोर आहे. त्याच्याशी खेळायचं नाही, खाली माणसं असतात. वरही असतात.