पाण्यापलीकडची प्रत

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांइतका कशावरच भरवसा नसलेला माणूस अख्ख्या दिंडोशीत शोधून सापडायचा नाही. कुलूप लावलं की ते तीनदा ओढून बघतात, आणि मग खाली उतरून, रस्त्यावरून आपल्या दाराच्या दिशेला एकदा मान वर करून बघतात. पण त्यांचा सगळ्यात मोठा अविश्वास कॉम्प्युटरवर. एका कचेरीच्या कॉम्प्युटर खोलीत त्यांची उभी हयात गेली. दिवसभराचं काम टेपवर उतरवायचं आणि ती टेप स्टीलच्या डब्यात घालून, आरेतून जाणाऱ्या बसने दुसऱ्या कचेरीत नेऊन ठेवायची, ही त्यांची नोकरी. डबा कायम मांडीवर. एकदा वाटेत म्हशी आडव्या बसल्या नि बस अर्धा तास खोळंबली, तेव्हा बाकीचे म्हशींना शिव्या घालत होते आणि काका डब्याला ऊन लागू नये म्हणून वर छत्री धरून बसले होते. हे ते स्वतःच सांगतात, आणि त्यात हसण्यासारखं काय आहे ते त्यांना अजून कळलेलं नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या इमारतीतली यंत्रं दत्तक घेतली. कुणाचा कॉम्प्युटर बंद पडला की काका चपला दाराबाहेर काढून येतात, यंत्राला हात न लावता समोर बसतात आणि आधी मालकाची जबानी घेतात. "खरा सांग, काल ह्येका काय भरवलंस?" हा पहिला प्रश्न. काहीच केलं नाही, आपोआप बंद पडला, असं म्हणणाऱ्याला ते सरळ चहा करायला पाठवतात. चहा होईपर्यंत माणसाला सगळं आठवतं, असा त्यांचा अनुभव आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांना तर दोन कप लागले, मग कुठे त्यांनी फुकटातला पत्त्यांचा खेळ उतरवल्याचं कबूल केलं.

बॅकअप घ्यायचा तो अमावास्येला. त्या दिवशी कुणी नवं काम काढत नाही, फायली जागच्या जागी निवांत असतात, हे त्यांचं शास्त्र. प्रती दोन. एक घरात आणि एक पाण्यापलीकडे. दुसरी प्रत शेजारच्या इमारतीत ठेवली तर काय बिघडेल, असं मी एकदा विचारलं. "आग खाडी ओलांडूक शकत नाय," एवढंच म्हणाले. माझी सासुरवाडी मनोरीची, कोळ्यांची. ते कळल्यापासून काकांना माझ्याविषयी एकदम आदर वाटू लागला. दर अमावास्येला ते ताजी डिस्क घेऊन मार्व्याला जात, बोटीने खाडी पार करत, सासूबाईंच्या सुक्या बोंबलांच्या शेजारच्या डब्यात ती ठेवत आणि जुनी परत आणत. आमच्या डिस्कला बोंबलांचा वास येतो, ही तक्रार त्यांनी कधीच मनावर घेतली नाही.

मी त्यांची यथेच्छ टिंगल करत असे. पण त्या डिस्कवर होतं ते माझ्या बायकोचं सहा वर्षांचं काम. तिने आपल्या वडिलांना बोलतं करून कोळ्यांचे शब्द जमवले होते, वाऱ्यांची नावं, जाळ्यांची, माशांची, सगळी त्यांच्याच आवाजात. ऐन श्रावणात सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. आता पुन्हा विचारायची सोय नव्हती.

आणि दसऱ्याला मी तिच्या लॅपटॉपची पूजा केली. हळदकुंकू, अक्षता, झेंडू आणि वर पळीभर पाणी शिंपडलं. यंत्र आधी निळं झालं, मग काळं, मग गप्प. काका आले, समोर बसले. मी चहाची वाट न बघता सगळं सांगून टाकलं. त्यांनी पाठ उघडली तर आत कुंकवाचा चिखल आणि दोन अक्षता. लॅपटॉपमधली डिस्क गेली होती. घरातली प्रत आण म्हणाले, तेव्हा मला दुसरा गुन्हा कबूल करावा लागला: ती पुसून मी तिच्यावर सिनेमे भरले होते. बायको दारात उभी होती. ओरडली असती तर बरं झालं असतं.

आम्ही तिघं तडक मनोरीला गेलो. बोटीत काका आपला जुना लॅपटॉप पोटाशी धरून बसले होते. सासूबाईंनी डबा उघडला. आत डिस्क नव्हती. मी शेजारचा बोंबलांचा डबाही उपसून बघितला. सासूबाई मात्र शांतपणे देव्हाऱ्याकडे वळल्या. डिस्क तिथे होती, कपड्यावर ठेवलेली, वर कुंकवाचं बोट आणि सदाफुलीचं फूल. "आमचे म्हाताऱ्याचा आवाज हाय ना यान," त्या म्हणाल्या, "बोंबलात कशी ठेवू?"

कुंकू बघून मी डोळेच मिटले. काकांनी फूल उचलून देवाला वाहिलं, रुमालाने कुंकू पुसलं आणि डिस्क जोडली. ती फिरली. सर्वपित्रीपर्यंतचं सगळं जागेवर होतं. गेलं होतं ते बायकोचं दहा दिवसांचं टंकन, बस. ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला. इतका सुखाचा मार मी जन्मात खाल्ला नाही.

खात्री करायला काकांनी मधलीच एक फाइल लावली. मतलई वारा पहाटे कसा ओळखायचा ते सासरे सांगत होते, खणखणीत, मध्येच लेकीला वेडी म्हणत. खाटेवरच्या सासऱ्यांनी मान वळवली. आवाज कुणाचा ते त्यांना आधी कळलं नसावं. मग कळलं. फाइल संपली तेव्हा त्यांनी चालत्या हाताचं एक बोट वर केलं. पुन्हा.

काकांनी पुन्हा लावली. परत बोट वर. काकांनी स्टूल खाटेजवळ ओढलं, आवाज वाढवला आणि तिसऱ्यांदा लावली. सासऱ्यांचे ओठ आता त्या आवाजाबरोबर हलत होते, शब्द काही निघत नव्हता. धक्क्यावरून बोट सुटायची वेळ झाली, असं मी हळूच म्हणालो. काकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्या दुपारी आम्ही तीन बोटी सोडून दिल्या.