मिसिंग माणसाचा वाटा

भाऊच्या धक्क्यावरून सुटलेली लाँच रेवसला लागली तेव्हा आभाळ खाली उतरलं होतं आणि पाणी शिशाच्या रंगाचं दिसत होतं. धक्क्यावर एकजण फोनवर कुणाला तरी एसटी मिस झाल्याचं सांगत होता. पुढची बस लागेपर्यंत तो आणि मी एकाच बाकावर बसलो.

चौलला बस थांबली. वाडीत (नारळ-सुपारीच्या बागेत) वादळात पडलेले माड अजून आडवेच होते. चहाच्या टपरीवरच्या म्हाताऱ्याने मागच्या पडक्या देवळाकडे बोट केलं. "पायरीचं दगड मिसिंग हायेत. कोन नेतं, कलत न्हाय." मग तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला पाव द्यायला वळला.

मुरुडला पोहोचेपर्यंत दिवस कलला होता. लॉज लहान होतं. मालकांना सगळे चाचा म्हणतात. अनेक वर्षं कुवेतच्या एका खानावळीत काढून ते परतले आहेत.

"खोलीची चावी मिसिंग आहे," ते म्हणाले. "आतून कडी लावा. किमती काय आणलंय?"

"कॅमेरा."

"मग त्याला घेऊन झोपा."

जेवायला बांगड्याचं कालवण आणि तांदळाची भाकरी होती. मासळी ताजी होती. कुठून आणली, असं मी विचारलं.

"सुनंदाकडून. कोळीवाड्यातली. तिचा नवरा मिसिंग आहे." चावीबद्दल बोलताना होता तोच आवाज.

गेल्या हंगामात तिचा नवरा किसन वाऱ्यात नावेवरून पडला. बाकीचे खलाशी परत आले. शोध झाला, काही सापडलं नाही. "पोलीस मिसिंग लिहितात," चाचा म्हणाले. "आम्ही लापता बोलतो. त्याची आई बोलते, कुठेतरी अडकलाय. आणि नावेवरचे लोक काहीच बोलत नाहीत, त्याचा वाटा काढतात."

इथली रीत अशी : विकायची मासळी बाजूला गेली की तांडेल (नावेचा प्रमुख) घरच्या कालवणासाठी प्रत्येक खलाशाचा एकेक ढीग लावतो. समुद्रावर राहिलेल्या माणसाचाही ढीग लागतो. देह सापडला नाही तर त्याच्या नावाने दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग हा वाटा थांबतो. तो विधी पितृपक्षाआधी उरकावा, म्हणजे किसनच्या नावाने पान वाढता येईल, असं जमातीतल्या जाणत्यांचं म्हणणं. पितृपक्ष चार दिवसांवर होता. किसनची आई ऐकायला तयार नव्हती. शेवटी निर्णय सुनंदावर सोपवला गेला होता.

सकाळी किनाऱ्यावर गेलो. पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं. नाव लागली. हरीदादा तांडेलांनी ताडपत्रीवर ढीग मांडायला घेतले. मासळी बेताचीच होती.

"म्हावरा (मासळी) कमी, ढीग तेवढंच," टोपली घेऊन बसलेली एक बाई म्हणाली.

"तुझ्या ढिगातला काढला काय गो?" हरीदादांनी मान वर न करता विचारलं.

शेवटचा ढीग त्यांनी थोडा लांब लावला. सुनंदा तिशीची असेल. हातात हिरव्या बांगड्या होत्या. ती त्या ढिगासमोर बसली, पण टोपली पुढे केली नाही.

"दादा, यो ढीग मोडा."

"सासूला इचारलंस?"

"न्हाय."

"मंग घरी जा, इचारून ये. मासं कुठं पलत न्हायत."

"ती व्हय म्हननार न्हाय. मना रोज हितं येवून त्याचा वाटा उचलावा लागतो, दादा. तिला न्हाय."

हरीदादा उभेच राहिले. तेव्हा सुनंदाने स्वतः बांगडे उचलले आणि शेजारच्या ढिगांवर एकेक ठेवत गेली. जागा रिकामी झाली. ओल्या ताडपत्रीवर थोडे खवले राहिले.

मग एक खलाशी पुढे आला. त्याने आपल्या ढिगातले दोन मासे तिच्या टोपलीत टाकले. दुसरा आला. तिसरा. गेलेल्या माणसाच्या घराला प्रत्येकाने आपल्यातलं द्यायचं, हीदेखील इथली रीत आहे. हरीदादांनी सगळ्यात शेवटी, ओंजळ भरून टाकलं.

टोपली रोजच्यापेक्षा जड झाली. मघाची बाई ती डोक्यावर चढवायला उठली. "म्हातारीला काय सांगशील?"

"सांगावं लागनार न्हाय," सुनंदा म्हणाली. "टोपली बघंल ना."

ती कोळीवाड्याच्या दिशेने निघाली. नेहमीच्या चालीने, टोपलीला एक हात लावून. पहिल्या घराच्या कोपऱ्यावर ती थांबली, दुसराही हात वर नेला आणि वळली.

लॉज सोडताना चाचांना सकाळचं सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी सरळ केली. खोलीची चावी अजून सापडलेली नव्हती.

रेवसला परतीची लाँच भरली होती. सुटण्याआधी दोर हातात घेऊन खलाशाने धक्क्याकडे पाहून हाक दिली, "कोन राहिलंय काय?" ही हाक तो प्रत्येक फेरीला देत असणार. जाताना भाऊच्या धक्क्यावरही कुणीतरी दिली असेल. तेव्हा माझं लक्ष गेलं नव्हतं. आता मात्र त्याच्याबरोबर मीही रिकाम्या धक्क्याकडे पाहत राहिलो. त्याने आणखी एकदा विचारलं आणि दोर सोडला.