हातानं सुटणारा खण

नार्व्याला आमचं घर नदीच्या अंगाला आहे. लग्न होऊन दोडामार्गाकडून इथं आले, तेव्हा सासूनं चूल दाखवायच्या आधी एक गोष्ट सांगितली. खालच्या खोलीत भिंतीला खिळा मारायचा नाही. जे ठेवशील ते हातानं उचलता आलं पाहिजे. आमचा देव्हारासुद्धा कडीला टांगलेला. कपाटाची दारं वर उचलली की निघतात. पाणी आलं की आधी देव माळ्यावर, मग भात, मग भांडी, मग अंथरुणं. सगळं गुपचूप चालायचं. आरडाओरडा करायला वेळ कुणाला?

मी चौथीपर्यंत शिकले. पण हे एवढं मला नीट समजलं होतं.

माझा मुलगा लग्नाचे फोटो काढतो, व्हिडिओ काढतो. पहिल्यांदा धंदा घातला तो आमच्याच पुढच्या खोलीत. डिचोलीहून सुतार आणला आणि भिंतीला ठोकून मेज करून घेतलं. मेजाच्या खाली कंप्युटरचा खोका बसेल एवढाच कप्पा. खोका आत सरकवला, मागून वायरी घातल्या, पुढून फळीही मारली. मी म्हटलं, "अरे, ह्या भिंतीक ठोकू नको." तर म्हणाला, "आये, तुझ्या सासूचो काळ गेलो. आता तितका पाणी येना नाय."

पाणी कमी व्हायला काय झालं होतं? खाणीची माती नदीत उतरून बसलेली. पात्र उथळ झालेलं. माझे यजमान त्याच खाणीवर मातीचा टिप्पर चालवायचे. त्यांना हे माहीत होतं. पण पोराचं नवं मेज बघून तेही गप्प बसले. त्याच वर्षी आमच्या मुलीचं लग्न झालं. पेडण्यात दिली. भावानंच सगळं शूटिंग केलं. हळदीला ती हसत सुटली आणि तिला हसू आवरेना, तेही त्यात होतं. वर्ष भरायच्या आत कावीळ होऊन ती गेली. घरी फोटो होता, तोंड मिटून बसलेला. हसणं आणि आवाज तेवढा त्या कंप्युटरात राहिला. मुलगा कधीतरी लावायचा. मी चूल सोडून तिथं जाऊन उभी राहायचे. बसायचे नाही.

पुढच्या पावसात, भर दुपारी, वरच्या धरणाचं पाणी सोडलं. मुलगा मांद्र्याला एका हॉटेलात लग्नाच्या शूटिंगला गेला होता. तिथून त्याचा फोन. "आये, पाणी इला काय? बाबांक सांग, कंप्युटर वर काढूक."

देव माळ्यावर पोचले होते, भातही पोचला होता. हे खाली उतरले, मेजावरचा तो कंप्युटरचा टीव्ही उचलला, माझ्या लग्नातल्या गोधडीत गुंडाळला आणि लेकरासारखा छातीशी धरून शिडी चढले. चित्र त्याच्यात दिसतं, म्हणजे ते त्याच्यातच असणार. मलाही तेच वाटलं. आम्ही दोघंही समाधानानं वर बसलो.

पुन्हा फोन. मी सांगितलं, काढला वर, काच फुटूक नाय. तर पोरगा ओरडायला लागला. "तो नाय गे! खालचो खोको! सगळा त्या खोक्यात असा!"

हे परत उतरले. पाणी ढोपराच्या वर. खोका ओढतायत तर लाकूड भिजून फुगलेलं, खोका आत गच्च बसलेला. टिप्परचं इंजीन उतरवणारा माणूस, पण पाण्याखाली ते बारीक स्क्रू बोटाला लागेनात. पान्हे सगळे मोठे. शेवटी मीच ओरडले, "सोडा ता, वर या." तेव्हा आले. हातातून रक्त येत होतं.

पाणी उतरल्यावर मुलानं खोका फोडला. आत लाल चिखल. तोच, जो ह्यांच्या कपड्यांतून मी उभा जन्म धूत आले होते. त्यातून त्यानं एक डबी काढली, पावाएवढी, पण लोखंडासारखी जड. हिलाच हार्ड डिस्क म्हणतात, सगळी लग्नं हिच्यात होती, असं तेव्हा कळलं. म्हापशाला दाखवली, पणजीला दाखवली. काही निघालं नाही.

ज्यांची लग्नं गेली ते दारात येऊन बोलून गेले. त्यांचं बोलणं ऐकून घेतलं. पण मुलगा एकदा जेवताना बापाला म्हणाला, "देव काढलात, भात काढलात, काच काढलात. माझ्या भयणीक तेवढी ठेवलात खाली."

हे ताटावरून उठले. त्यानंतर मरेपर्यंत त्या पुढच्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं नाही. बाहेर जायचं तर न्हाणीच्या बाजूनं जायचे. मुलगा तसा वाईट नाही. पण ते शब्द त्यानं परत घेतले नाहीत, आणि घेतले असते तरी ह्यांना ऐकू गेले नसते.

मुलीच्या सासरी लग्नाची एक कॉपी दिलेली होती. मी बसनं पेडण्याला गेले. जावयानं दुसरं लग्न केलेलं. विहीणबाईनं पाणी दिलं, बस म्हणाली. मी विचारलं. ती पदरानं तोंड पुसत म्हणाली, "आता कित्याक व्हया ता, वयनी? नवी सून इली घरात. तिच्या समोर ता बरा दिसता काय? आमी ता मोडून टाकला."

मी म्हटलं, बरं. पाणी प्याले आणि उठले. घर तिचं.

मुलानं धंदा बंद केला आणि मांद्र्याला दुसऱ्याच्या हाताखाली कॅमेरा धरायला लागला. हे गेले. पुढं काही वर्षांनी तो म्हणाला, परत घरात सुरू करतो, म्हापशाला जाऊन नवा कंप्युटर बघतो. शुक्रवार होता. मी बाजारात कोकमाची सोलं विकायला जाणारच होते. म्हटलं, मीय येतंय. त्याला ते आवडलं नाही, पण टोपली त्यानंच उचलली.

दुकानदार त्याच्याच वयाचा. त्यानं काचेचा खोका दाखवला, आत पंखे फिरतायत आणि निळे-तांबडे दिवे. चतुर्थीला गणपतीच्या मखरात लावतात तसे. मुलाचे डोळे तिथंच अडकले. मी विचारलं, "हेच्या पोटातली डबी हातान सुटता?"

"स्क्रू असत, आजी. मागसून उघडूचा लागता."

"पाणी ढोपराक लागल्यावर स्क्रू शोधूचे?"

तो हसला. "आजी, तुमी कंप्युटर घेऊक इलात काय होडी?"

"होडी असली तर तीय दाखय," मी म्हटलं.

"आये, गप रव. लोक बघतत."

"बघांदेत."

दुकानदार समजावायला लागला, आता हार्ड डिस्क कोण वापरतं, सगळं इंटरनेटवर चढवून ठेवायचं, पाणी लागत नाही. मी म्हटलं, "आमच्याकडे पयली लाइन जाता, पाणी मागसून येता. लग्नाचा सगळा वर चढापर्यंत आमी पाण्यात पोवत असतलो." यावर त्यानं मुलाकडे बघितलं. मुलगा खाली बघून म्हणाला, मोठ्या व्हिडिओंना डिस्क लागतेच.

मग दुकानदारानं मागच्या फळीवरून एक काळा, धूळ बसलेला खोका काढला. जुना माल, म्हणाला, दिसायला काही नाही. पुढं दार, दारामागं एकाखाली एक खण. खणाच्या दोन्ही कडा चिमटीत दाबल्या की खण डबीसकट बाहेर. आधी कंप्युटर बंद करायचा, मग खण ओढायचा, एवढं त्यानं बजावलं.

मुलगा कुजबुजला, "आये, हो नको. गिऱ्हाईक पयलो खोकोच बघता. हॉटेलातली पोरां येतली, ह्या भंगार बघून परत जातली."

त्याचं खरंच होतं. मांद्र्याची ती लग्नं, तिथं सगळं दिसण्यावर चालतं. दुकानदाराला खोका जमिनीवर ठेवायला लावला. त्यापुढं बसले आणि डोळे मिटले, कारण पुराच्या वेळी वीज नसते. बोटं माझी संधिवातानं वाकडी. दार चाचपलं, कडा चाचपल्या, दाबल्या, ओढलं. खण हातात आला.

डोळे उघडून मुलाला म्हटलं, "तू घरात नसतलस. तुझ्या बापाशीक जमूक नाय, ता माका जमूक होया."

बापाचं नाव निघालं तसा तो पाठ फिरवून उभा राहिला. मग दुकानदाराला म्हणाला, "होच बांध."

गेल्या पावसात पाणी परत आलं. मुलगा तेव्हाही शूटिंगला मांद्र्यालाच. घरात मी एकटी. बटण दाबून बंद केला, तोवर वीज गेलीच. खण काढले, टॉवेलात बांधले, टोपलीत घालून शिडी चढले. मग देव काढायला उतरले. सासूच्या नियमात पहिल्यांदाच उलटं झालं. देवांना काय वाटलं ते देव जाणे. माझ्या मुलीच्या वेळी त्यांना पहिलं नेलं होतं, त्याचा काही उपयोग झाला नव्हता.

खोका बुडला तो बुडला. मुलानं दुसरा आणला, तसाच खणांचा. डब्या त्यात घातल्या आणि सगळी लग्नं जशीच्या तशी निघाली. परवा सर्वण गावची एक बाई आली, तिच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग न्यायला. नारळ आणि पेढे घेऊन आली होती. माझे हात धरून म्हणाली, "वयनी, तुमी माझ्या चेडवाचा लगीन वाचवलात."

मुलानं तिला ते लावून दाखवलं. ह्यांनी गोधडीत गुंडाळून वर नेलेला तो टीव्ही अजून चालतो, एक ओरखडा नाही त्याच्यावर. त्याच्यात तिची मुलगी हळद लावून खिदळत होती. बाई बघत होती, डोळे पुसत होती. मला म्हणाली, "बसा मगे, बघा."

मी म्हटलं, "तुमी बघा. चाय टाकतंय."