सरक गं, दगडात येतीस

कॅमेऱ्याचं बटण दाबण्याआधी शमुवेलकाका दर वेळी तेच म्हणायचे, "सरक गं, दगडात येतीस." समोरच्या बाकावर दगडावर उजेड पडावा म्हणून थर्माकोलचा पांढरा तुकडा धरून बसलेल्या एस्तेरकाकू जागच्या न हलता म्हणायच्या, "येऊ द्या की. तेवढाच माझा फोटो निघंल."

संगमनेरच्या आसपास विहीर खोदताना किंवा खाणीत काळ्या कातळाच्या पोटात स्फटिक सापडतात. ते विकणं हा माझा धंदा. गिऱ्हाईक लांबचं, फोटो बघून माल घेणारं, त्यामुळे माझी चूल काकांच्या कॅमेऱ्यावर पेटायची. मोबाईल आले तशी त्यांच्या स्टुडिओची लग्नाची कामं आटली आणि ते दगडांकडे वळले. त्याचं त्यांना वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. "नवरदेवापरीस दगड बरा, ताई. पोट आत घे म्हनावं लागत न्हाई."

त्यांची सगळी सामग्री घरातली. टॉर्चवर बटरपेपर, हिरव्या उजेडासाठी सरबताची बाटली, मागे काकूंच्या साडीचा पदर नाहीतर तव्याचं काळं बूड. बोराएवढ्या खड्यातून ते असा उजेड काढत की मलाच तो विकावासा वाटत नसे. पण स्फटिकाची बाजू आरशासारखी असते, समोर बसलेलं माणूस तीत उमटतं. काकू उमटल्या की फोटो बाद. काका तो तिथल्या तिथे पुसून टाकायचे आणि काकू हसायच्या.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि काकू गेल्या. चर्चमधल्या प्रार्थनेसाठी त्यांचा फोटो सापडेना. लग्नातला होता तो बुरशीनं खाल्लेला. अख्ख्या गावाची लग्नं टिपणाऱ्या माणसाच्या बायकोचा, शेवटी आधार कार्डावरचा फोटो मोठा करून लावला. त्यात काकू चौकीत आणून बसवल्यासारख्या दिसत होत्या. मला फार वाईट वाटलं.

पुढे मी दगड घेऊन गेले. बाक रिकामा होता, थर्माकोल विटेला टेकवून ठेवलेला. काकांनी डोळा कॅमेऱ्याला लावला आणि हलकेच म्हणाले, "सरक गं, दगडात येतीस." मग थांबले. काकूंना उत्तर द्यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा वेळ थांबले आणि मग बटण दाबलं.

"काका, कुणाशी बोलताय?"

"सवय हाय, ताई," ते म्हणाले. विटेवरचा थर्माकोल सरळ करत पुन्हा बोलले, "सवय तिलाबी हुती. सरकायची न्हाई."

एके दिवशी ते माझ्या दुकानात आले आणि पाठवलेले सगळे फोटो कॉम्प्युटरवर दाखव म्हणाले. एकेक दगड मोठा करत ते त्यातली पांढरी चमक न्याहाळायचे. "ही चमक म्हंजी तिच्या हातातला थर्माकोल. ह्याच्या कडंला एखादं बोट तरी असंल." बोट नव्हतं. काकांचं काम इतकं स्वच्छ होतं की त्यात काही राहून जाणं शक्यच नव्हतं. चष्मा पुसत ते म्हणाले, "येऊ द्या की, म्हनत हुती. अन् मी रोज तिला पुसत हुतो." मी चहा मागवला, तो तसाच निवला.

जाताना त्यांनी दुकानातला एक मोठा, हिरवट, सपाट बाजूचा स्फटिक मागून नेला. गिऱ्हाइकाची घाई होती, म्हणून मी फोन केला. "काका, एका दगडाला इतका वेळ?"

"बसता येईना अजून नीट," ते म्हणाले. मला वाटलं, पाठ धरली असेल.

अखेर दगड आणि फोटो आले. फोटोत दगड पार धुरकट. काकांची नजर गेली असं समजून मी तो बाजूला ठेवला. नाताळच्या आधीच काका झोपेत गेले. त्यांचा पुतण्या प्रार्थनेसाठी फोटो मागायला आला, आणि काकांचा तरी फोटो कोण काढणार होतं? तेव्हा त्यांचं ते 'बसता येईना' आणि तो धुरकट फोटो मला आठवला. मी तो उघडून मोठा केला.

काकांचा हात चुकला नव्हता. नेम दगडावर नव्हताच, दगडातल्या प्रतिबिंबावर होता. इस्त्रीचा शर्ट घालून काका काकूंच्या बाकावर बसले होते. थर्माकोल त्यांनीच धरला होता, फोटो टायमरवर घेतलेला. ते बाकाच्या एका टोकाला, जेमतेम टेकले होते. जन्मभर बायकोला सरक म्हणणारे काका स्वतः सरकून बसले होते, आणि उरलेल्या जागेकडे बघून हसत होते.

पुतण्याला मी तेवढा चेहरा कापून दिला. तो दगड मी विकला नाही, विकणारही नाही. अख्खा फोटो माझ्यापाशी आहे. अधूनमधून उघडते, काकांपर्यंत जाते आणि बंद करते. बाकाची ती दुसरी बाजू मोठी करून बघायचा मला अजून धीर झालेला नाही.