आधी हॅलो कोणी म्हणायचं

विश्वात आपल्याखेरीज आणखी कुणी बुद्धिमान प्राणी आहेत की नाहीत, हा प्रश्न मला विचारू नये. ज्यांना आवड आहे त्यांनी खुशाल चर्चा करावी, मी त्या खोलीत नसताना. या एका प्रश्नापायी आमच्या मजल्यावरच्या दोन म्हाताऱ्यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं आणि त्यांचे निरोप पोचवता पोचवता माझ्या नाकी नऊ आले.

दोन म्हातारे म्हणजे माझे वडील आणि त्यांचे धाकटे भाऊ, माझे काका. सहकारनगरात एकाच मजल्यावर समोरासमोर फ्लॅट. एकात बाबा आणि मी, दुसऱ्यात काका एकटे. आई गेली, काकू गेली, काकांना मूलबाळ नाही. त्यामुळे दोन्ही घरांची कर्ती मीच. बाबा टेलिफोन खात्यात होते. बंद पडलेल्या लाइनी कुठे तुटल्या ते शोधत त्यांनी नोकरी काढली. काका कॉलेजात गणित शिकवायचे. त्यांचा आवाज असा की कुणी माइक पुढे केला तर ते तो हाताने बाजूला सारायचे.

संध्याकाळी आमच्या गॅलरीत चहा आणि वाद, हा दोघांचा नेम. वादाला विषय कुठलाही चाले, पण परग्रहावरच्या जीवांचा विषय निघाला की चहा निवून जायचा. बाबा म्हणायचे, आहेत. एवढे तारे, एवढे ग्रह, आणि अक्कल काय ती आपल्यालाच मिळाली? काका म्हणायचे, नाहीत. ताऱ्यांची संख्या मोठी आहे हे कबूल, पण तिला ज्या शक्यतेने गुणायचं ती शून्य असली तर उत्तर शून्यच येतं. मग बाबा म्हणायचे, रिंग वाजत नाही म्हणजे घर रिकामं असतं असं नाही, लाइन खराब असू शकते. शिवाय आपण रेडिओवरून बोलायला लागून जेमतेम शंभरेक वर्षं झालीत, तेवढ्यात आपला आवाज पोचून पोचून कुठवर पोचणार? "आणि असंही असेल," हे त्यांचं आवडतं वाक्य, "की सगळेच रिसीव्हर कानाला लावून बसलेत. आधी हॅलो कोणी म्हणायचं, एवढाच प्रश्न आहे."

हे वाक्य मी मुद्दाम लक्षात ठेवलं. पुढे मला ते उपयोगी पडलं.

भांडण झालं ते ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये. याच विषयावर एका तरुण खगोल अभ्यासकाचं व्याख्यान ठेवलं होतं. मीही दोघांबरोबर गेले होते. मुलगा छान बोलला. मग प्रश्नोत्तरं. आमच्याकडे प्रश्नोत्तरं म्हणजे श्रोत्यांची भाषणं, प्रश्न शेवटी आठवला तर. काका उठले आणि शून्याचा मुद्दा मांडू लागले. मागच्या रांगेतून बाबा म्हणाले, "लाइन खराब आहे की घर रिकामं, हे गणिताने कळत नाही." लोक हसले. काकांना ते लागलं. ते वळून, त्या आवाजात, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा, जन्मभर टेलिफोनची डबडी उघडणाऱ्याने विश्वाबद्दल बोलू नये."

आता लोक आणखी जोरात हसले. बाबांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली आणि ते घरी निघून आले.

ज्याला आमच्या घरातलं माहीत नाही त्याला यात एवढं काय, असं वाटेल. माझे आजोबा गेले तेव्हा बाबा सायन्सला होते, कॉलेजात पहिले यायचे. धाकट्याला शिकता यावं म्हणून त्यांनी कॉलेज सोडून खात्यात नोकरी धरली. ही गोष्ट आमच्याकडे कुणी कधी बोलून दाखवत नाही, पण सगळ्यांना माहीत असते. काकांना तर सगळ्यात जास्त. बोलता क्षणीच त्यांना आपली चूक कळली होती, ते मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. पण चूक कळणं आणि ती कबूल करणं यात आमच्या घराण्यात बरंच अंतर असतं.

दुसऱ्या दिवशी काका चहाला आले नाहीत. बाबांनी बोलावलं नाही. अबोला सुरू झाला आणि बघता बघता त्याला दीड वर्ष झालं.

अबोला म्हणजे शांतता, असा कुणाचा समज असेल तर त्याने तो धरणाऱ्यांच्या घरी राहून पाहावं. मी हडपसरला एका सॉफ्टवेअर कंपनीत लोकांच्या कामातल्या चुका शोधते. दिवसभर ते करून, मगरपट्ट्यापासून स्वारगेटपर्यंत गाड्यांच्या गर्दीत गुदमरून मी जिना चढून यावं, तर दोन्ही दारं उघडी. बाबा म्हणत, "सरांना सांग, गुरुवारी पाणी नाही. बादल्या भरून ठेवायला सांग." सर म्हणजे काका, समोरच्या दारात उभे, शब्द न् शब्द ऐकत. ते म्हणत, "दादाला सांग, मी पेपर वाचतो." मी मध्ये, खांद्यावर बॅग, पायात चपला.

बरं, मूळ वाद तरी थांबावा. तोही माझ्यामार्फत चालू. एकदा बाबांनी सांगितलं, "सरांना म्हणावं, आणखी एक ग्रह सापडलाय. तिथे पाणी असण्याची शक्यता आहे." काका म्हणाले, "दादाला म्हणावं, पाणी खडकवासल्यालाही आहे. आपल्या नळाला आहे का?" मला हसू आलं, बाबांनाही आलं असणार, कारण त्यांनी तोंड फिरवलं. तेव्हा दोघांपैकी एक जण जरी मोठ्याने हसला असता तरी सगळं मिटलं असतं. पण दोघांनीही आपापली दारं लावून घेतली.

काकांचा आवाज बसलाय हे माझ्या लक्षात आलं ते या निरोपांमुळेच. आधी वाटलं थंडी, मग वाटलं बांधकामांची धूळ. दोन महिने झाले तरी तो सुटेना, उलट बारीक होत गेला. मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. तिथून दुसऱ्या, मग तिसऱ्या. शेवटी येरवड्याकडच्या एका हॉस्पिटलात सांगण्यात आलं की कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल अशी आशा आहे, आवाज वाचणार नाही. पुढेमागे यंत्र लावून थोडं बोलता येतं, पण तो आवाज वेगळा.

रिक्षात बसल्यावर काका म्हणाले, "सगळे म्हणायचेच, एक दिवस याला येरवड्याला न्यावं लागेल." आमच्याकडे वेड्यांच्या इस्पितळासाठी हे नाव काढतात. मी हसले नाही. मग ते म्हणाले, "दादाला सांगायचं नाही."

मी त्याच दिवशी बाबांना सांगितलं. दीड वर्ष मी या दोघांचे निरोप इमानाने पोचवले होते, हा एक न पोचवण्याचं मला काही कारण दिसेना. बाबांनी गॅलरीतल्या दोरीवरचे कपडे काढून आत आणले. मग म्हणाले, "ऑपरेशन कधी?"

"पुढच्या सोमवारी."

"म्हणजे आठवडा आहे. बोलायचं असेल तर बोलेल तो."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे सुंभ जळत होता आणि हे पीळ मोजत होते. माझा तोल गेला. मी म्हटलं, "बाबा, कुठल्या तरी ताऱ्यावरून कुणी तरी आपल्याला हाक मारेल म्हणून तुम्ही जन्मभर वाट बघताय. इथे सख्ख्या भावाचा आवाज आठवड्याने जाणार, तो ऐकायला तुम्हाला चार पावलं टाकवत नाहीत. सगळेच रिसीव्हर कानाला लावून बसलेत, असं कोण म्हणायचं? तुम्हीच ना?"

"हॉलमध्ये मी बोललो नव्हतो तसं," बाबा म्हणाले. एवढंच. त्यांचा आवाज इतका साधा होता की माझा राग तिथेच अडखळला. ते दुखणं अजून ओलं आहे हे मला कळलं, आणि कळूनही मी चिडलेलीच राहिले.

समोर जाऊन मी काकांनाही तेच ऐकवलं. ते म्हणाले, "काय बोलू? माफ कर म्हणू? या आवाजात? त्याला वाटेल, आजारी आहे म्हणून म्हणतोय."

दोघांचंही म्हणणं बरोबर होतं, हीच तर पंचाईत. मी जाहीर केलं की आजपासून मी निरोप नेणार नाही. पाणी जावो, दिवे जावोत, मंगळावर वस्ती सापडो. ज्याला जे सांगायचं ते त्याने स्वतः सांगावं. मला वाटलं, मधला माणूस बाजूला झाला की नाइलाजाने तरी बोलतील. कसलं काय. आठवडाभर मजल्यावर चिडीचूप. बाबा त्यांच्या गॅलरीत, काका त्यांच्या खिडकीशी. मी रोज कामावरून येताना जिन्यात कान देऊन थांबायची आणि रोज काही न ऐकता वर यायची.

सोमवारी सकाळी टॅक्सी बोलावली. काका मागे बसले, मी त्यांच्या शेजारी. तेवढ्यात बाबा खाली आले. इस्त्रीचा शर्ट, हातात तीच पिशवी. कुणाला न विचारता पुढचं दार उघडून ते ड्रायव्हरशेजारी बसले आणि समोर बघू लागले. काकाही समोर बघू लागले. ड्रायव्हरने मला आरशातून विचारल्यासारखं पाहिलं. मी म्हटलं, चला.

स्वारगेटला सिग्नलवर गाडी थांबली. बाबांच्या बाजूची काच खाली होती, शेजारच्या बसचा धूर आत यायला लागला. काकांना खोकला आला. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "दादाला सांग, काच वर कर."

मी गप्प बसले. खोकला चालूच होता आणि मी बसच्या चाकाकडे बघत गप्प बसले. इतकी दुष्ट मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

"दादा," काका म्हणाले. तो आवाज आता सुकलेल्या पाचोळ्यासारखा झाला होता. "काच वर कर."

बाबांनी काच वर केली. सिग्नल सुटला. मला वाटलं, आता बोलतील. हॉलचं बोलतील, कॉलेज सोडल्याचं बोलतील, निदान काही माणसासारखं बोलतील. स्टेशन जवळ आलं तेव्हा बाबा मान न वळवता म्हणाले, "आहेत ते."

"नाहीत," काका म्हणाले.

आणि सुरू झाले. काकांनी शून्याचं काढलं, बाबांनी लाइनीचं. बंडगार्डनच्या पुलापर्यंत दोघांनी मिळून किती तारे निकालात काढले कोण जाणे. मी सांगत होते, काका, डॉक्टरांनी बोलायचं नाही म्हटलंय. ऐकतो कोण. त्या घशात जेवढा म्हणून आवाज उरला होता तो या माणसाने परग्रहांवर उधळला. मला दोघांना गाडीतून खाली उतरवावंसं वाटलं. आणि गाडी तशीच नगर रोडने पार पुढे निघून जावी, हॉस्पिटल येऊच नये, असंही वाटलं.

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर जरा थांबलं. बाबा शेजारी उभे. काकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू म्हणतोस तर असतील."

दार लागलं. बाबा बाकावर बसले. ज्या एका शब्दासाठी त्यांनी इतकी वर्षं घसा कोरडा केला तो शेवटी मिळाला होता, आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "असं का म्हणाला तो?" त्यांनी मला विचारलं. "जन्मात त्याने माझं काही मान्य केलेलं नाही. आत्ताच का केलं?" मग पिशवी मांडीवर धरून ते रडायला लागले. पहिल्यांदाच मी त्यांना असं रडताना पाहिलं. मीही रडले, आणि आतल्या आत काकांवर भयंकर चिडले, कारण माफी मागायला त्यांना दुसरं वाक्य सापडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलवाल्यांनी आम्हाला आत सोडलं. काकांच्या मानेला पट्ट्या, गळ्याला नळी. नर्सने उशाशी लहान मुलांची पाटी ठेवली होती, पुसता येणारी, पेन दोरीला बांधलेलं. बाबा पलंगाशी उभे राहिले. काकांनी पाटी ओढली, वळणदार अक्षरात एकच शब्द लिहिला आणि ती बाबांपुढे धरली.

"चष्मा नाही माझा," बाबा म्हणाले. "काय लिहिलंय?"

मी वाचलं. "नाहीत."

बाबांच्या तोंडावर रंग परत आला. त्यांनी स्टूल ओढलं, बसले, पिशवी खाली ठेवली. मग सवयीने माझ्याकडे वळले. "त्याला सांग," म्हणाले, "लाइन खराब असली म्हणजे घर रिकामं होत नाही."

"त्यांचे कान शाबूत आहेत बाबा," मी म्हटलं. "तुम्हीच सांगा."

ते वळले, भावाच्या कानाशी वाकले, आणि सांगू लागले.