रस्त्याकडचं दार

सन २०१९. ऑक्टोबर सरत आलेला, दिवाळीला चार-पाच दिवस बाकी. पांढुर्ण्यात आंबिया बहाराची संत्री उतरत होती. माझ्या शेडमध्ये संत्र्याच्या लाकडी पेट्या ठोकतात. भुसा रोज झाडला तरी दुसऱ्या दिवशी तेवढाच साचतो. किस्स्यांचंही तसंच आहे. त्यातले हे थोडे.

बसणारे आम्ही चौघं. मी मिस्त्री, चौथी पास. माझा लहान भाऊ शंकर. तिगावचा देवराव, त्याचा संत्र्याचा बगीचा. आणि वामनराव, नगरपालिकेतून रिटायर झालेले बाबू. पेपर तेच मोठ्यानं वाचत. त्या वर्षी पेपरात ब्रेक्झिट होतं. इंग्लंडला युरोपातून वेगळं व्हायचं होतं, आणि वेगळं होण्याचा करार त्यांच्या संसदेत काही पास होत नव्हता.

आमच्या शेडमध्येही एक करार अडला होता. शंकर म्हणे, आता प्लास्टिकचे कॅरेट विकू. मी म्हणे, लाकूड. शेवटी मधे भिंत घालायची ठरली. सौसरच्या वकिलानं टाइप केलेला कागद आठ दिवसांपासून माझ्या खिशात होता. सही झाली नव्हती.

*

वामनरावांनी सांगितलं, इंग्लंडच्या आधीच्या प्रधानमंत्री बाईंनी एकच करार तीनदा आणला. तिन्ही वेळा पडला.

देवराव म्हणाला, "आमचा व्यापारी असाच! सकाळी नाही म्हटलेला भाव संध्याकाळी पुन्हा घेऊन येते."

मी विचारलं, "मग तू काय करतं?"

"तिसऱ्यांदा देऊन टाकतो. संत्रं थांबते का बाप्पा?"

*

एकदा बातमी आली, तिथल्या सरकारच्याच पार्टीचे वीस-एकवीस जण सरकारच्या विरोधात गेले.

देवराव म्हणाला, "आपल्याकडं असं केलं असतं तर तिकीट गेलं असतं."

वामनरावांनी पान उलटलं. "तिथंही पार्टीतून काढलं."

देवराव खुश झाला. "म्हंजे आपल्यासारखेच आहेत!"

*

तिथल्या संसदेत मत देताना हो म्हणणारे एका बाजूनं उठून जातात, नाही म्हणणारे दुसऱ्या बाजूनं. हे देवरावला फार आवडलं, कारण आमच्या शेडलाही दोन दारं. एक रस्त्याकडं, ट्रॅक्टर थेट आत येतो. दुसरं मागच्या बोळीत. तिथं शेजाऱ्याची म्हैस बांधलेली, आणि हातगाडीपेक्षा मोठं काही शिरत नाही.

देवरावनं ठराव मांडला, "आजचा चहा मिस्त्रीनं पाजावा! मंजूर तो रस्त्याकडून, नामंजूर तो बोळीतून!"

तिघंही रस्त्याकडून गेले. मी एकटा बोळीतून. म्हैस ढकलली, पाय शेणात गेला.

देवराव ओरडला, "मिस्त्री, विरोध कराले गमबूट लागते!"

सगळे हसले. शंकर तेवढा हसला नाही. म्हणाला, "दादा, भिंत झाल्यावर मले रोजच लागन."

*

आमचे वडील गेले तेव्हाही एक कागद झाला होता. तो मी लिहवून घेतला. रस्त्याकडचा भाग माझा, मागचा शंकरचा. शंकर तेव्हा विशीत होता. मी म्हटलं, "सही कर." त्यानं कागद उलगडलाही नाही. म्हणाला, "तू पाहिलं ना दादा, बस."

*

मग ती बातमी आली. नव्या प्रधानमंत्र्यानं कराराचा शंभरावर पानांचा कायदा आणला. संसद म्हणाली, तत्त्वतः मंजूर. आणि लगेच म्हणाली, तीन दिवसांत तपासून पास करा हे नामंजूर, वाचायला वेळ द्या.

मी म्हटलं, "एवढी शिकलेली माणसं! शंभर पानं वाचाले तीन दिवस पुरत नाहीत?"

वामनरावांनी चष्म्यावरून पाहिलं. "मिस्त्री, तुमची दोनच पानं आहेत. आठ दिवस झाले."



*

दुसऱ्या दिवशी मी खिशातून कागद काढून वामनरावांना दिला. "वाचा. मोठ्यानं. एकही ओळ सोडू नका."

ते वाचत गेले. लाकूड, करवत, पत्रे. मी हो म्हणत गेलो. मग आलं, रस्त्याकडचं दार थोरल्याकडे, बोळीतलं धाकट्याकडे.

"थांबा. उलटं लिहा."

वामनराव थांबले. "मिस्त्री, शंकरनं हे मागितलं नाही."

मी शंकरकडं पाहिलं. "काऊन नाही मागितलं?"

"तू मागं लिहिलं ते लिहिलं, दादा."

"वामनराव, लिहा."

त्यांनी खोडून लिहिलं. मी सही केली. मग कागद शंकरपुढं धरला. तो पेन शोधू लागला. मी म्हटलं, "आधी वाच."

त्यानं दोन्ही पानं पहिल्या अक्षरापासून वाचली. मग सही केली.

दिवाळीनंतर भिंत उभी राहिली. शेजाऱ्याची म्हैस आता मला ओळखते.